नकाशा हातात घेतलेला दगडी माणूस

बाबा बांधकाम खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते, इमारतींचे नकाशे काढायचे. मागच्या मे महिन्यात ते साताऱ्याहून अमेरिकेत ॲन आर्बरला माझ्याकडे राहायला आले. सकाळी मी लॅबला जायचे, मुलगी शाळेत. चौथ्याच दिवशी ते म्हणाले, "बसचा नंबर सांग. मी जरा फिरून येतो."

संध्याकाळी परतले ते खुशीत. "एका जुन्या इमारतीसमोर आमच्या धंद्यातला माणूस उभा आहे," म्हणाले. मला काही कळेना. शनिवारी ते आम्हा दोघी मायलेकींना तिथे घेऊन गेले.

त्या रस्त्यावरून मी सहा वर्षं जात होते, पण तो पुतळा कधी थांबून पाहिला नव्हता. दगडी, खांद्यापर्यंत कुरळे केस, एका हातात कंपास, दुसऱ्या हातात अर्धवट उलगडलेला कागद. खाली पाटीवर लिहिलं होतं, तीनशे वर्षांपूर्वी युरोपात होऊन गेलेला बरोक शैलीचा वास्तुविशारद.

"बरोक म्हणजे कसं?" बाबांनी विचारलं.

मी फोनवर वाचून सांगितलं, "वळणदार भिंती, भरपूर नक्षी, मोठे जिने."

"म्हणजे काढायला किचकट," ते म्हणाले.

त्या दिवशी इमारतीची देखभाल करणारी एक पांढऱ्या केसांची बाई स्टुलावर चढून पुतळा धूत होती. हिवाळा संपला की शेवाळ काढावं लागतं, दर वर्षी हे काम मीच करते, असं तिने मला सांगितलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तिला विचार, कागदाची बाजू मी घासू का?"

मला संकोच वाटला, तरी विचारलं. ती हसली आणि तिने बाबांना हातमोजे आणि मऊ ब्रश दिला.

बाबा अगदी सावकाश घासत होते. शेवाळ निघालं तशा दगडावर बारीक रेघा दिसू लागल्या. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "अगं, ही नुसती नक्षी नाही. हा प्लॅन आहे. हा लंबगोल दिवाणखाना. या पायऱ्या दोन्ही बाजूंनी वर येतात आणि इथे मिळतात."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईने चष्मा लावला, वाकून पाहिलं. इतकी वर्षं ती त्याला कागदाच्या घड्या समजत होती.

"आजोबा, हाऊ डू यू नो?" माझ्या मुलीने विचारलं.

"जन्मभर हेच काढलं ना, बाळा."

मुलीने बॅगेतून वही आणि पेन्सिल काढून दिली. बाबांनी कट्ट्यावर बसून तो जिना काढला, पट्टीशिवाय, एकेक पायरी. बाईने तो कागद मागितला आणि ती म्हणाली, "खाली सही करा."

बाबा थबकले. ऑफिसात नकाशावर सही साहेबांची असायची. बाबांचं नाव कोपऱ्यात, बारीक अक्षरात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "करा ना, बाबा," मी म्हटलं. त्यांनी ठसठशीत मराठीत पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

बाईने तो कागद इमारतीच्या दारातल्या काचेच्या सूचना-फलकात लावला.

त्या उन्हाळ्यात घरी कोणी जेवायला आलं, की जेवणानंतर बाबा त्यांना पुतळा दाखवायला न्यायचे. आमची लेकही बरोबर जायची. पाहुण्यांच्या मुलांना ती सगळं इंग्रजीतून समजावायची, फक्त 'जिना' हा शब्द मराठीत म्हणायची.