चांदणीला सांगा

घोड्यांच्या जागी नोकरी केली की दोन गोष्टी रोज साचतात. एक लीद, दुसरे किस्से. लीद बाबूभाई सकाळी घमेल्यात भरून भोईरकाकूंच्या भेंडीला घालतात. किस्से मात्र मला घरी न्यावे लागतात, आणि अंबरनाथच्या आमच्या वन बीएचकेत आता त्यांना जागा उरलेली नाही. म्हणून तुम्हाला सांगते. माणसांची नावं बदलली आहेत, त्यांना विचारूनही घेतलंय. घोडीचं नाव तेवढं खरं आहे, तिची काही हरकत दिसली नाही.

आधी मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला होते. तिथे माणसं तासन्‌तास तोंड उघडून बसत, पण बोलत कोणीच नसे. मग डॉ. मृणाल मॅडमनी बदलापूरला, कात्रपच्या पुढे, भोईरकाकूंच्या जागेत सेंटर काढलं आणि मला बोलावलं. मॅडम सायकॉलॉजिस्ट. मन थकलेली, चिडलेली, घाबरलेली माणसं घोड्यासोबत राहिली की सावरतात, असं त्यांनी मला समजावलं.

"म्हणजे रपेट?" मी विचारलं.

"नाही. घोड्यावर बसायचंच नाही. बाजूला उभं राहायचं, ब्रश करायचा, दोरी धरून सोबत चालायचं. वाटलं तर बोलायचं."

"कोणाशी?"

"घोड्याशी!"

हा पहिला धक्का. तो पचतोय तोवर सासूबाईंनी दुसरा दिला. सगळं नीट ऐकून घेऊन त्या गंभीरपणे म्हणाल्या, "पुण्याचं काम आहे गं. मुक्या जनावरांनाही टेन्शन असतंच की!"

जनावरं दोनच. माथेरानहून रिटायर झालेलं मोती नावाचं तट्टू, आणि चांदणी. पांढरीशुभ्र, लांब पापण्यांची, अख्खं आयुष्य उल्हासनगरच्या वरातींमध्ये नवरदेव वाहिलेली. तिच्यासोबत तिला सांभाळणारे बाबूभाईही आले, हुंड्यात आल्यासारखे.

*

एकदा एक गृहस्थ सहकुटुंब आले. चपला बाहेर काढल्या, चांदणीला वाकून नमस्कार केला. मला भरूनच आलं. इतक्या आदराने थेरपीला कोण येतं? मी खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं आणि मॅडमनी शिकवलेल्या मऊ आवाजात विचारलं, "काय त्रास होतोय?"

"शनी," ते म्हणाले.

त्यांना दाराला ठोकायला काळ्या घोड्याची नाल हवी होती! मी म्हटलं, "काका, घोडी पांढरी आहे." नवराबायकोने बाजूला जाऊन चर्चा केली. परत येऊन काका म्हणाले, "चालेल. घरी रंगवून घेऊ."

*

पण दिलीप आला तेव्हा मला हसू वगैरे काही आलं नाही.

शहाडचा माणूस, चाळिशीच्या आतला. त्याची बायको वैशाली त्याला स्कूटीवर मागे बसवून आणायची. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर होता. शेजारच्या प्रेसवर सुधीर, त्याचा जिगरी दोस्त. एके दिवशी सुधीर अडकलेला पीस हाताने काढत होता आणि वरून प्रेस खाली आली. सुधीरचा उजवा हात मनगटापासून गेला. दिलीप चार हातांवर उभा होता.

"त्या दिवसापासून हा सुधीरभाऊजींना तोंड दाखवत नाही," वैशाली मला म्हणाली. "त्यांचा फोन आला की मोबाईल उलटा करून ठेवतो. ते इथे कात्रपलाच राहतात ना, तर आम्हाला स्कूटी लांबून फिरवून आणावी लागते. कामावर जात नाही ते राहू द्या ताई. पण दोस्त जिवंत असून हा त्याचं सुतक धरल्यासारखा बसलाय!"

घरी दिलीप गप्प. मॅडमसमोर गप्प. मॅडमनी नुसता ब्रश हातात दिला आणि त्याला चांदणीपाशी सोडलं. तो ब्रश करत राहिला. ती मान खाली घालून उभी. आणि मग त्याचे ओठ हलायला लागले.

मी पाण्याची बादली ठेवायला गेले होते. ऐकायचं नसतं, मला माहीत आहे. पण कान काय काढून ठेवणार?

"मी ओरडलो होतो गं," तो घोडीला सांगत होता. "हात काढ, हात काढ म्हणून ओरडलो. पण मशीनच्या आवाजात त्याला ऐकूच गेलं नाही. अजून जोरात ओरडायला पाहिजे होतं."

कुंपणाबाहेर वैशाली ओढणीत तोंड खुपसून रडत होती. कितीतरी दिवसांनी तिने नवऱ्याचा आवाज ऐकला होता. माझ्या हातातली बादली तशीच राहिली. त्यानंतर तो दर आठवड्याला यायचा आणि चांदणीला तेच सांगायचा, त्याच शब्दांत.

*

लच्छूसेठ ही वेगळी केस. उल्हासनगर कॅम्प चारला जीन्सचा कारखाना. घरात आणि कारखान्यात इतके ओरडायचे की सुनेने गोड बोलून इथे आणून सोडलं.

मॅडम म्हणाल्या, "सेठजी, दोरी सैल धरा आणि शांतपणे चालायला लागा. ती येईल."

सेठजींनी दोरी आवळली. "चल!" चांदणी ढिम्म. "अरे चल ना!" ढिम्म. "सुनाई नहीं देता क्या?" या आरोळीला भोईरकाकूंच्या कोंबड्या उडाल्या, मोती तबेल्यात शिरला, मी दोन पावलं मागे सरकले. चांदणीने शेपटीने एक माशी हाकलली.

शेवटी सेठजी घामाघूम होऊन खाली मातीतच बसले. पांढऱ्या सफारीत! तेव्हा ती चालत आली आणि तिने त्यांच्या खांद्यावर नाक ठेवलं. सेठजींचे डोळे भरले हो. इतका मोठा माणूस! मला कुठे बघावं कळेना.

"पूरे कॅम्प में पहली है," ते म्हणाले, "जो मेरे चिल्लाने से डरी नहीं."

पुढच्या खेपेआधी सुनेचा फोन आला. घरात आवाज निम्म्यावर आला होता.

*

मग ती हळद.

शेजारच्या गावात हळदीचा कार्यक्रम होता. आमच्याकडे हळद म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. डीजेचे बॉक्स माणसाच्या उंचीच्या वर रचलेले. पहिला दणका बसला आणि आमच्या पत्र्याच्या शेडने थरथर सुरू केली. मोतीने दोर तोडला आणि तो जो पळाला, तो थेट हळदीच्या मांडवात सापडला, पापडाच्या परातीपाशी.

चांदणी? गवत खात होती! कान नाही हलवला. पाठोपाठ फटाक्यांची माळ लागली, तरी तिचं रवंथ केल्यासारखं निवांत चघळणं चालूच.

मॅडमनी व्हिडिओ काढला. पुढच्याच आठवड्यात कुठल्याशा कंपनीतली माणसं स्ट्रेस घालवायला आली होती, त्यांना मोठ्या स्क्रीनवर दाखवला. "बघा. बाहेर एवढा गोंगाट आणि आत ही शांतता. याला म्हणतात वर्तमानात जगणं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने डोळे पुसले.

भोईरकाकू मागे उभ्या होत्या. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "गो बाय, ही घोरी नाय, जोगीन हाय जोगीन!" मला पटलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मीही जाता-येता तिला हळूच हात जोडायला लागले.

*

मग तो दिवस उजाडला. जनावरांचे डॉक्टर चांदणीचे दात बघायला आले होते. बोलता बोलता बाबूभाईंच्या हातून लोखंडी घमेलं फरशीवर पडलं. मोती उडाला, मी उडाले, डॉक्टर उडाले. चांदणी उभी.

डॉक्टर थांबले. तिच्या मागे गेले, तिला दिसणार नाही असे, आणि घमेल्यावर दगड आपटला. एकदा. मग दुसऱ्या बाजूच्या कानामागे जाऊन पुन्हा. मग आमच्याकडे वळले.

"मॅडम, ही बहिरी आहे."

"कमी ऐकू येतं का?"

"कमी नाही हो. ठार बहिरी! जन्मापासून की वरातीतल्या फटाक्यांनी, ते आता सांगता येणार नाही."

मॅडम गवताच्या भाऱ्यावर बसल्या. बारीक आवाजात म्हणाल्या, "आणि माझा व्हिडिओ?"

बाबूभाई तर मानायलाच तयार नव्हते. "बहरी? मॅडम, बारात में एकदम टाइम पे चलती थी!" मग स्वतःच विचारात पडले आणि म्हणाले, "वैसे बारात में सुनता कौन है?"

माझ्या डोळ्यांसमोर मात्र एकच माणूस होता. आपला आवाज दोस्ताला ऐकू गेला नाही म्हणून जो मोडून पडला, त्याला आम्ही शोधून शोधून बहिरी घोडी दिली होती!

*

"दिलीपला सांगायचं नाही," मी मॅडमना म्हटलं. "पाया पडते तुमच्या. परत कधी तोंड उघडणार नाही तो."

मॅडम म्हणाल्या, "सांगायचं. सगळ्यांना सांगायचं. इथे फसवणूक चालणार नाही."

आमचं चांगलंच वाजलं. मी डबासुद्धा खाल्ला नाही. पण सेंटर त्यांचं, शब्द त्यांचा.

आधी लच्छूसेठना सांगितलं. ते चांदणीकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता कोंबड्या पुन्हा उडणार. पण सेठजींनी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "इसका पहला मालिक भी मेरे जैसा ही होगा."

मग दिलीप आला. नेहमीसारखा ब्रश घेतला. मॅडमनी त्याला सरळ सांगितलं, आडवळण न घेता. त्याचा हात चांदणीच्या पाठीवर थांबला. वैशालीने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

तो चांदणीकडे बघत होता. मग मॅडमकडे. मग म्हणाला, "म्हणजे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही."



त्याने ब्रश भिंतीवर ठेवला, वैशालीपाशी आला आणि म्हणाला, "सुधीरला फोन लाव. त्याच्या घरी नाही जमणार मला. इथे बोलाव."

वैशालीचा नंबर दोनदा चुकला. शेवटी मी लावून दिला.

*

सुधीर रिक्षातून आला. मी मनात एक दुःखी, खंगलेला माणूस धरून बसले होते. हा चांगला उंचापुरा, हसरा! उजवी बाही मनगटापाशी दुमडून पिन लावलेली. उतरल्या उतरल्या विचारतो, "कुठाय याची मैत्रीण?"

दिलीप चांदणीच्या पलीकडे उभा होता. सुधीर अलीकडे येऊन थांबला. मध्ये घोडी. दिलीपने मान वर केलीच नाही, त्याला दिसत होती फक्त चांदणीची पाठ आणि त्यावर ठेवलेला सुधीरचा डावा हात.

मॅडमनी आम्हाला लांब जायची खूण केली. आम्ही गेलो, पण भुशाच्या खोलीपर्यंतच. मी, वैशाली आणि बाबूभाई. तिथून सगळं ऐकू येतं.

"फोन तरी उचलायचास," सुधीर म्हणाला.

दिलीपने सुरुवात केली. तेच शब्द. आम्हाला पाठ झाले होते, पण या वेळी त्याला एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "मी ओरडलो होतो रे. हात काढ म्हणून ओरडलो. पण माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचलाच नाही. अजून जोरात ओरडलो असतो, तर आज तुझा हात..."

वैशाली खाली बसली. मी तिला धरलं.

सुधीर चांदणीच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिला. आता तो हसत नव्हता.

"ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुझं ओरडणं. चांगलं स्पष्ट ऐकू आलं होतं मला. म्हटलं, एवढा एक पीस निघू दे, मग बघू दिल्या काय म्हणतोय."