मदरबोर्डला धागा नसतो

चहा होईपर्यंत एक सांगतो, पण ही गोष्ट मानवतच्या जिनिंगपर्यंत जाऊ देऊ नका. तिथं माझी अजून थोडी इज्जत हाय. परभणीत आता न्हाई राहिली, निदान कॉम्प्युटरच्या दुकानांच्या गल्लीत तरी.

मी काय करतो ते तुमाला ठाऊकच हाय. जिनिंगमधी कापसाची गाडी आली की पहिला हात माझा. वर पांढराशुभ्र माल पसरलेला असतो अन् खाली किडका, पिवळा दडवलेला. म्हणून मी कोपरापर्यंत हात आत घालतो, मधला कापूस काढतो, अंगठ्यानं चोळतो, धागा ओढून बघतो. मग भावाचं बोलणं. आजवर या अंगठ्यानं मला दगा दिला न्हाई. लोक म्हणतेत, काकाच्या अंगठ्याला डोळे हायत.

आता आमची कोमल. एकुलती एक लेक, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली. पुण्याच्या एका फर्मनं तिला सांगितलं, घरी बसून नकाशे काढायचं काम देतो, पण सोमवारी सकाळी तुमचा कॉम्प्युटर चालू दिसला पाहिजे. न्हाई दिसला तर पुण्यात येऊन ऑफिसात बसा. तिच्या आईनं लगेच डोळ्याला पदर लावला. अन् खरं सांगू का, मलाबी ती जायला नको होती. लेक गेली की घर खायला उठतं. म्हणलं, काईबी होऊ दे, कॉम्प्युटर आणायचाच. तयार लय महाग पडायलता, म्हणून कोमल म्हणाली, सुटे भाग घेऊन जोडू.

शनिवारी परभणीला निघालो. रविवारी कॉम्प्युटरची दुकानं बंद, म्हणजे काय करायचं ते आजच.

एसटीत पोरीनं मला सगळं समजावलं. प्रोसेसर म्हणजे डोकं. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर सगळं बसतं ती पाटी. प्रोसेसर ज्या खाचेचा, बोर्डबी त्याच खाचेचा पाहिजे. रॅम डीडीआर चारची घ्यायची का पाचची, ते बोर्डावर. बोर्ड कोणता घ्यायचा, ते प्रोसेसरवर. मानवतचं स्टँड सुटेपर्यंत मला समजायलतं. त्याच्या पुढं मी नुसती मान हलवली.

दुकान रफिकभाईचं. मोठा सालस माणूस. त्यानं काउंटरवर मदरबोर्डचे तीन डबे मांडले.

"काका, हा सस्ता हाय, पण लवकर गरम होतो. हा भारी हाय, पण तुमच्या कामाला खामखा खर्चा. हा मधला घ्या. आपल्याकडं लाइट कमी-जास्त होती, तरी टिकतो. वारंटीबी हाय."

"पप्पा, मधलाच घेऊ," कोमल म्हणाली. "मी बघून ठेवलाय. लोकांनी चांगलं लिहिलंय त्याच्याबद्दल."

मग घ्यायचा ना मधला! तुमी घेतला असता. कोणीबी घेतला असता. पण माझं कसं हाय, बंद डब्यातला माल मी घेतच न्हाई.

"डबे उघडा," मी म्हणलं.

"काका, सील तोडावं लागतं."

"तोडा. आमी कापूसबी उघडून बघतो."

रफिकभाईनं कोमलकडं बघितलं. कोमलनं छताकडं बघितलं. त्यानं तिन्ही सील तोडले, बोर्ड पिशवीतून काढून डब्यावर ठेवले अन् कोमलला कॅबिनेट दाखवायला मागच्या खोलीत घेऊन गेला.

मी अन् ते तीन बोर्ड. आता काय बघायचं त्याच्यात? चिपा, खाचा, तारांची नक्षी, मला काय कळतंय. पण प्रत्येकाच्या मधोमध एक काळं झाकण होतं. म्हणलं, इथंच गोम हाय. झाकलेलं हाय म्हणजे माल इथंच दडवलेला असणार.

नखानं झाकण काढलं. आत बारीक बारीक सोन्याच्या तारा, गच्च दाटीनं उभ्या. मन खूश झालं. हात आपोआप पुढं गेला. अंगठा टेकवला अन् या कडेपासून त्या कडेपर्यंत चोळला, हळूच, बारीक धाग्याचा कापूस बघतो तसा. मऊ लागलं. परत एकदा चोळला. मग दुसऱ्याचं झाकण काढलं, मग तिसऱ्याचं. झाकणं होती तशी लावून ठेवली, शिस्तीत.

कोमल बाहेर आली तसं म्हणलं, "तुझा मधलाच घे. याचा धागा सरस हाय."

"पप्पा, मदरबोर्डला धागा नसतो."

"तू गप. मला कळतं."

रफिकभाईनं प्रोसेसर बसवला, रॅम बसवली, बटन दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळीच. रॅम बदलली. काळीच. वायरी काढून परत लावल्या. काळीच.

"अजीब हाय," तो म्हणाला अन् सस्तावाला घेतला. पंखा फिरला, स्क्रीन काळी. मग भारीवाला. तीच गत. रफिकभाईच्या कपाळावर घाम. कोमल घड्याळाकडं बघायली. अन् मी? मला चेव आला.

"बघितलं? लेबल बघून माल घेतला की असं होतं. तिन्हीच्या तिन्ही खराब! कंपनीवाले फसवतेत तुमाला, रफिकभाई."

प्रिंटर घ्यायला आलेले एक सर होते सोनपेठचे. त्यांनी प्रिंटर हळूच काउंटरवर परत ठेवला अन् म्हणाले, "मग राहू द्या, नंतर येतो." गेले.

रफिकभाईचा चेहरा उतरला. त्यानं औरंगाबादच्या होलसेलवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. "सेठ, तुमचे तीन बोर्ड लावले, एकबी चालू न्हाई. दुकानाची बदनामी होऊलाली."

तिकडचा मानायला तयार न्हाई. "तिन्ही कसे खराब निघतील? आम्ही तपासून पाठवतो."

मला राहवलं न्हाई. मी फोनजवळ तोंड नेलं. "ओ सेठ, तपासायचं आमाला नका सांगू. माझी उमर माल तपासण्यात गेली. तुमचा एक एक बोर्ड मी स्वतः हात लावून बघितलाय."

"हात लावून म्हणजे?"

"म्हणजे झाकण काढून, आतल्या तारांवर अंगठा फिरवून. दोन दोनदा. उगाच न्हाई बोलायलो."

सेठ तिकडून म्हणाला, "मग मला कशाला फोन करता?"

रफिकभाईनं फोन ठेवला. बोर्डातून प्रोसेसर काढला, मोबाईलच्या बॅटरीचा उजेड मारला अन् मला म्हणाला, "काका, या, बघा." बघितलं. वादळात ज्वारी आडवी होती ना, तशा प्रोसेसर टेकायच्या सगळ्या तारा एका अंगाला निजल्या होत्या. दुसऱ्या बोर्डात तेच. तिसऱ्यात तेच. वारंटीचं काय म्हणून विचारलं तर रफिकभाई म्हणाला, "अंगठ्याची वारंटी कोणी देत न्हाई, काका."

कोमल ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसते डोळे भरून आले तिचे. मला वाटलं, झालं, मीच पोरीला पुण्याला घालवली, माझ्याच हातानं. एवढंच म्हणलं, "रफिकभाई, हे तिन्ही माझे. पण पोरीचं काम अडू देऊ नका."

त्यानं सगळी फडताळं हुडकली. माळ्यावर मधल्यासारखाच एक बोर्ड निघाला, सीलबंद. मी आपला पुढं सरकलो, आधार द्यायला.

"पप्पा," कोमल म्हणाली, "तुमी बाहेर थांबा. हात खिशात घाला."

थांबलो. उन्हात, हात खिशात, दुकानाकडं पाठ करून. आत काय चाललंय ते बघायचीबी हिंमत होईना. नजर लागली तर?

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. बोरी गावचे एक पावणे, दरसाल आमच्याच जिनिंगला कापूस घालणारे.

"अहो काका, तुमी इथं? देवासारखे भेटलात. पोराला कॉम्प्युटर बनवायचाय अन् मदरबोर्डातलं मला ओ की ठो कळंना. तुमच्यासारखी पारख कोणाची हाय? चला आत, टिकाऊ अन् स्वस्त असा एक निवडून द्या."

इतक्यात आतून कोमलचा आवाज आला, "पप्पा, लागली. स्क्रीन लागली." माझ्या जिवात जीव आला. पण खिशातून हात काढायचा धीर झाला न्हाई.

"सांगा ना काका," पावणे म्हणाले, "कोणता घेऊ?"

म्हणलं, "पावणं, सोपं हाय. ज्याला माझा हात लागला न्हाई, त्यो डोळे झाकून घ्या."