दर्यापूरच्या बॅनरवरचा इंजिनियर

हे लिहायचं मी टाळत होतो. पुण्यात परतून नऊ दिवस झाले. रोज लॅपटॉप उघडायचा आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी लडाखच्या पोस्टी वाचत बसायचं, असं चाललंय. कारण या प्रवासाचं खरं लिहायचं तर एक गोष्ट कबूल करावी लागते, आणि तिचा धक्का अजून ओसरलेला नाही.

सायली ही माझी अमरावतीची मैत्रीण, खरीखुरी इंजिनियर, दर्यापूरच्या एका शिक्षणसंस्थेत अधूनमधून शिकवायला जाते. दर्यापूरला उन्हाळी सुट्टीत अकरावी-बारावीच्या मुलांना पंधरा दिवस प्रोग्रॅमिंग शिकवायचं, राहणं-जेवण संस्थेचं, पगार नाही, असा तिचा फोन आला आणि मी पिशवी भरली. रेल्वेनं अकोला, तिथून एसटीनं दीड-दोन तास. जाणार असाल तर सकाळचीच एसटी पकडा. मी स्टँडबाहेर आलुबोंडा-रस्सा हाणत दोन गाड्या सोडल्या आणि भर मे महिन्यातल्या दुपारी निघालो. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघून पिशवीतून दुपट्टा काढला. "डोक्याले बांधा हे. नाई तं दर्यापूर येयाच्या आधीच आडवे होसान."

शाळेच्या फाटकावर संस्थेचा बॅनर. त्यावर माझा फोटो आणि खाली 'पुण्याचे इंजिनियर'.

मी बारावी नापास आहे. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून, व्हिडिओ बघत कोडिंग शिकलो, आता लोकांच्या वेबसाइटी बनवून पोट भरतो. सायलीनं संस्थेला फक्त 'मुलगा कोडिंग करतो' एवढंच सांगितलं होतं, पुढचं त्यांनीच भरलं. उद्या सांगू, मनाशी म्हणालो. आणि बॅनरखाली उभं राहून फोटो काढून घेतला.

उन्हामुळे वर्ग सकाळी सात ते अकरा. जुने लॅपटॉप, एकावर दोघं-तिघं. दर्यापूरचं पाणी खारं, चहासुद्धा खारट लागतो, चार दिवसांनी जीभ तक्रार सोडते. तिसऱ्या दिवशी लूप शिकवताना माझी पार दांडी उडाली. तेव्हा मागून कांचन उठली. तिच्या वडलांचा अंजनगाव रोडवर भाजीचा मळा. "सर, हे तं सोपं हाय. जोवर टोपलं भरत नाई तोवर वांगे तोडत राय. भरलं का थांब." वर्ग हसला, आणि लूप सगळ्यांना कळला. त्यानंतर कुणाचं अडलं की पोरं माझ्याऐवजी तिच्याकडे जायला लागली.

दहाव्या दिवशी बारावीचा निकाल होता. नेट आमच्याकडेच, म्हणून वर्ग सुटूनही सगळे थांबले. कांचन एकेकाचा नंबर टाकून निकाल वाचून दाखवत होती. शेवटी स्वतःचा टाकला, पाहिला, लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "बॅटरी संपून राहिली." ती गेल्यावर मी उघडून पाहिलं, फिजिक्समध्ये नापास. मला क्षणभर वाटलं, साइटचंच काही चुकलं असेल.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. वर्ग सुटल्यावर मी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तिच्या गावी गेलो. वडील, देविदासकाका, ओट्यावर वांगी निवडत होते.

"या सर. तिचं डोकं नाई चालत आता. पुन्हा फॉर्म भरनं नाई अन् काम्पुटरही नाई. तुमच्यासारखं हुशार असती तं गोष्ट वेगळी होती."

"काका, मी बारावी नापास आहे."

त्यांचा हात थांबला. "मंग बॅनरवर इंजिनियर काहून लिवलं?"

"संस्थेनं लिहिलं. मी खोडलं नाही."

"अकरा दिवस खोडलं नाई." ते शांतपणे बोलत होते, तेच जास्त लागलं. "म्या पुऱ्या गावाले सांगतलं, माह्या पोरीले इंजिनियर शिकवून राह्यला."

दारातून कांचन म्हणाली, "बाबा, शिकवलेलं तं खोटं नाई ना."

"तू चूप राय." मग माझ्याकडे वळून, "चहा पिऊन जा. जीपले वेळ हाय अजून."

माझ्या बोलण्यानं तिला धीर येईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. नापास पोरीला नापास माणूसच शिकवत होता, एवढंच त्यांच्या हातात उरलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं सांगून टाकलं. पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "मंग आता सायली मॅडमच शिकवतीन का?" शिकवलं मीच, पण त्या चार दिवसांत कांचनची जागा रिकामी राहिली.

परतताना अमरावतीत गिलावडा खायला उतरलो. जरूर खा. मला मात्र चव लागली नाही.

इथं आल्यावर पहिल्यांदा माझ्या साइटवरचा 'इंजिनियर' शब्द काढला. दोन गिऱ्हाइकं लगेच गप्प झाली. तो शब्द किती काम करत होता, ते तेव्हा कळलं. कांचनच्या फेरपरीक्षेच्या फॉर्मची मुदत अजून आहे. सायली दर्यापूरला दुसरी बॅच घेतेय, कांचन आली का, असं तिला मी रोज विचारतो, ती रोज 'नाही' म्हणते.

हे लिहिता लिहिताच सायलीचा मेसेज आलाय: "तुझे देविदासकाका आलेत, सकाळच्या पहिल्या जीपनं, एकटेच. खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसलेत. म्हणतात, माह्या पोरीले काय येते ते मले दाखवा."