हळदीच्या व्हिडिओतला अंधार

कामोठ्यातल्या माझ्या दुकानात लग्नाचे व्हिडिओ सुधारून घ्यायला येणारे निम्मे लोक “नवरी जरा गोरी करा” म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. कोन गावची एक नवी नवरी काकीला घेऊन आली तेव्हाही मी तोंड वाकडं करूनच बसले होते. पण ती म्हणाली, “ताई, हलद लय काळी आलीय. मागं माजी आय दिसते का बगा.”

वडील नसलेली पोर. विधवा आई हळद लावत नाही, हे तिला माहीत होतं. पण निदान ओटीवर येऊन उभी राहील, एवढीच तिची आशा होती. आई दिसलीच नाही. लग्नापासून ती आईशी बोलत नव्हती.

“तिलाच नको व्हता,” काकी म्हणाली. “आमी किती बोलावली.”

हॅलोजनमुळे मांडव पिवळाधमक आणि मागची ओटी काळीकुट्ट. मी आधी पुढचा भगभगीत उजेड खाली आणला, मग सावल्या हळूहळू उजळत नेल्या. चित्रावर दाणे उठले. रंग उतरवला, कॉन्ट्रास्ट किंचित वाढवला. ओटीवरच्या खिडकीचे गज दिसायला लागले. गज धरलेली बोटं. मग चेहरा.

“आय!” मुलगी पुढे सरकली.

“बस झाला आता,” काकी घाईने म्हणाली. “नवरीचा तोंड नीट करा.”

मला तिचा आवाज खटकला. मी मुद्दाम अजून थोडं उजळलं. खिडकीशेजारचं दार बंद होतं, बाहेरून कडी लावलेली. आणि त्या दाराला पाठ लावून काकी उभी होती.

मग काकी मला हळूच म्हणाली, “ते परत काळा करता येतंय ना?”

मी माऊसवरून हात काढला. “येतं,” मी म्हणाले. “पण मी करणार नाही.”

मुलीने तोवर स्पीकरवर फोन लावला होता. “आय, दाराला कडी व्हती. तू मना सांगितला का नाय?”

पलीकडून बाईचा थकलेला आवाज आला. “तवा वरडले असते त हलदीवरशी उठली असतीस गो. आन् मंग तू फोन उचललास कुटं?”