खालच्या मजल्यावरचं रेकॉर्डिंग

भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरची स्पीकरकडे जाणारी वायर मी रेकॉर्डिंगच्या मिक्सरमध्ये, माइकच्या भोकात खुपसली आणि तो जाळून टाकला. पिन बसतेय म्हणजे बरोबरच असणार, असं समजणारी मी तेव्हा चाळिशीची शहाणी बाई होते.

मिक्सर डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमधल्या, खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा. ऑफिसातून आले की घरातच कॅसेटी रेकॉर्ड करायचे. प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. पिन खोचण्याआधी तिच्यावर हलकी फुंकर मारायचे. बोलायचे इतकं हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. बायको मात्र खणखणीत. नळाला पाणी आलं की तिचा आवाज गच्चीपर्यंत जाई. जिन्यात तिची नक्कल करून मी बायकांना हसवायचे.

तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. आदल्या संध्याकाळी ते तिचं गाणं टेप करणार होते. पेटी उठावदार ऐकू यावी म्हणून मीच तो ॲम्प्लिफायर नेला. ते कोरी कॅसेट आणायला आत गेले, तेवढ्यात मी वायर जोडली. धूर निघाला. अपशकुन झाला म्हणत ती पुन्हा गायला बसलीच नाही.

त्यांनी वायर काढली, सवयीने पिनेवर फुंकर मारली आणि गुंडाळून ठेवली.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला जिन्यात थांबवलं. आत ती पाटीवर काहीतरी लिहीत बसली होती. मी पुढे वाकले.

“वहिनी, तुम्ही तिची नक्कल करता, मला ठाऊक आहे. एकदा करा ना. नळावरची.”