आठ गळे आणि एक सा

अण्णांचा डावा खांदा आखडला आणि त्यांची पेटी बंद पडली. अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या गावी, हसनाबादेत, एकादशीच्या भजनाला पेटीवर कायम तेच. पण पेटीला भाता मारायला डावा हात लागतो, आणि तो तर आता खुंटीवरची टोपीसुद्धा काढेना. भजनाला ते जात, मागे भिंतीला टेकून बसत, आणि घरी येऊन न जेवता झोपत. मला ते बघवत नव्हतं.

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. मी जालन्याला शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. एका ऑर्केस्ट्रावाल्याचा जुना कीबोर्ड घेतला, चादरीत गुंडाळला आणि एसटीत मांडीवर ठेवून गावी नेला. कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट काढायला सांगितलं, तर गाव येईपर्यंत मी त्याच्याशी भांडले.

अण्णा हरखले. भाता नाही, एका हातावर काम. शिवाय बटण दाबलं की ठेका आपोआप चालू. पखवाजवाल्याने गाव सोडल्यापासून भजन नुसत्या टाळांवर चाललं होतं, त्यामुळे ठेक्यावर तर ते बेहद्द खूश.

मग त्यांनी पेटीवाले करतात तेच केलं. काडेपेटीतली एक काडी काढली आणि साच्या पट्टीच्या फटीत खुपसली. काडी अडकली की पट्टी दबून राहते, सा घुमत राहतो आणि गाणारा त्याच्या आधाराने निवांत फिरतो. एक काडी खालच्या साला, एक पंचमाला, एक वरच्या साला. ठेका लावला, अभंग धरला, आणि दुसऱ्या ओळीला खालचा सा गेला.

काडी जागेवर, पट्टी दबलेली, आणि आवाज नाही. अण्णांनी काडी काढून पुन्हा खुपसली. सा आला. जरा वेळाने परत गेला.

"हात गेल्ता, आता कानबी गेला," असं म्हणून त्यांनी चादर ओढून कीबोर्ड झाकला.

"अण्णा, मलाही नाही आला ऐकू."

"समजूत घालून राह्यली तू माझी. उगी राह्य."

माझं डोकंच फिरलं. एवढं भांडून आणलेलं यंत्र माझ्याच बापाला बहिरं ठरवतंय! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना समोर बसवलं, ठेका बंद ठेवला आणि एकेका पट्टीत काडी खुपसत गेले. आठ काड्यांपर्यंत सगळे सूर वाजत होते. नववी घातली आणि पहिला सूर गप्प. नववी काढून पहिली पुन्हा खुपसली, तर तो परत बोलला.

"आत आठच गळे आहेत, अण्णा. नववा सूर आला की जो सगळ्यात आधीपासून गातोय त्याला गप्प करून हे यंत्र त्याचा गळा नव्याला देतं. ठेक्यालाही त्यातलेच गळे लागतात."

अण्णांनी काड्या एकेक करून मोजल्या. मग एकदम तापले.

"म्हंजे पंगतीत पहिल्यांदा बसला त्यालाच अर्ध्या जेवणातून उठवायचं? कोणती रीत ही? बिलकुल बेअक्कल मशीन हाय!"

ते यंत्रावर चिडले, स्वतःवर नाही. मला इतकं बरं वाटलं की मी हसतच सुटले.

ठेका बंद ठेवला असता तर भागलं असतं, पण तो त्यांना सोडवेना. मग एकच उपाय उरला. बाकीचे सूर गेले तरी चालेल, पण सा जुना होऊ द्यायचा नाही. काडीऐवजी तो बोटाने धरायचा आणि दर ओळीला बोट उचलून पुन्हा दाबायचा, म्हणजे यंत्राला वाटतं हा आत्ताच आला. अण्णांचा उजवा हात चालीत गुंतलेला, डावा तर कामाचाच नाही. तेव्हा त्यांच्या डावीकडे मी बसायचं ठरलं.

पुढे कितीतरी वर्षं एकादशीला शाळा सुटली की मी एसटी पकडायची. लग्न झालं तरी हा नेम मोडला नाही. गाता गाता अण्णा जराशी मान हलवत, मी सा नवा करी. आम्ही बापलेक एरवी फार बोलणारे नव्हतो. तेवढा वेळ मात्र आमचं बराबर जमायचं.

पुढे दोन हजार साल उलटल्यावर मी नवा कीबोर्ड आणला. त्यात चौसष्ट गळे होते. "आता खुशाल काड्या खुपसा," मी म्हणाले. त्यांनी खुपसल्या, ठेका लावला आणि अख्खा अभंग वाजवला. सा जागचा हलला नाही. मी शेजारी मांडीवर हात ठेवून नुसती ऐकत होते.

"कसा आहे, अण्णा?"

"चांगला हाय," ते म्हणाले. "पण ह्याला तू लागत न्हाईस."

मग त्यांनी साची काडी उपटली, काडेपेटीत ठेवली आणि मला जागा करून उजवीकडे सरकून बसले.