कपाळावरचा लाल पट्टा

मोठा अपघात झाला तर काय करायचं, याची आमची तयारी म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची, अशी. नव्वदच्या दशकात मी इंदापूरजवळ, हायवेलगतच्या एका लहान दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर तेवढे शहाणे. म्हणायचे, एकदम खूप जखमी आले तर ओरडणाऱ्याकडे पळू नका, गप्प बसलेल्याला आधी बघा. ज्याला तातडीनं मोठ्या दवाखान्यात हलवायचं, त्याच्या कपाळावर लाल औषधाचा आडवा पट्टा ओढा. मला ही युक्ती फार आवडली होती.

एका उन्हाळ्यात भर दुपारी भिगवणकडून येणारा वऱ्हाडाचा ट्रक उलटला. आमच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. नवरदेवाची आजी भिंतीला टेकून बसली होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

"माझं काय न्हाय, बाई. पोरांस्नी बघा," ती म्हणाली.

मी तिच्या पोटाला हात लावला, तर ते लाकडासारखं कडक. नाडी धड लागेना. आत रक्त साचत होतं. मी तिच्या कपाळावर पट्टा ओढला आणि पुढच्या जखमीकडे वळले.

बारामतीला जाणारी गाडी भरून गेली. वळून बघते तर आजी तिथंच. कपाळ स्वच्छ, पदराला लाल डाग.

"हिला का नाही नेलं?" मी वॉर्डबॉयवर ओरडले.

"खूण कुठं हाय कपाळाला?"

आजीच खाली मान घालून बोलली, "मीच पुसली, बाई. मालक गेल्यावर कपाळाला लाल कसं ठिऊ? त्यात आज लगीन. चार माणसं काय म्हणतील?"

दुसरी गाडी नव्हती. रस्त्यावर ट्रक थांबवायला माणूस पळवला. तिनं नातवाचं विचारलं. तो बरा आहे म्हटल्यावर हसली. ट्रक मिळाला तोवर ती गेली होती.

पुढे आम्ही मनगटाला लाल चिंधी बांधू लागलो. पण रोज सकाळी कुंकू लावताना ती आरशात माझ्यामागे भिंतीला टेकून बसलेली असायची. मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू? आणि संताप यायचा, तो तिचा नव्हे.

बऱ्याच वर्षांनी माझे यजमान गेले. भावकीतली एक म्हातारी रिवाजाप्रमाणे माझ्या कपाळाकडे पदर घेऊन आली. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

"पुसायचं नाही," मी इतक्या जोरात ओरडले, की अंगणातली पुरुषमाणसं उठून उभी राहिली.